चाळीस दिवसांचं तेज

तोंडात दोरा धरलेल्या बाईला काही विचारू नये, हा पार्लरमधला पहिला नियम. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत असतं; बोलायला तोंड उघडलं की दोरा सुटलाच, आणि गिऱ्हाइकाची भुवई गेली कामातून. फलटणच्या शुक्रवार पेठेतल्या उज्ज्वला भोईटेच्या पार्लरमध्ये हा नियम तीस वर्षं चालत आला होता. २०४१ साल उजाडलं, गावात भुवया कोरणारी यंत्रं आली, चेहरा बघून वय सांगणारे आगाऊ आरसे आले, पण उज्ज्वलाचा दोरा काही सुटला नाही.

हेमलता शिंगटेला हा नियम चांगला ठाऊक होता. ती उज्ज्वलाची शाळेपासूनची मैत्रीण, शेजारीण आणि रोज चारच्या चहाची सोबतीण. तरी त्या दिवशी ती चपला न काढताच आत घुसली.

"उजू, वेदिकाचा रिपोर्ट आला गं! गरोदरपणाची खूण नाही. नाहीच म्हणे! मशीननं लिहून दिलंय. दहा वर्षं नावं ठेवली ना माझ्या पोरीला? आता म्हणावं, या आणि वाचा!"

हेमा हसत होती आणि रडतही होती. खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या गिऱ्हाइकानं एक डोळा किलकिला करून बघितलं. उज्ज्वलानं दोऱ्याआडून नुसतं 'हं' केलं. रिपोर्ट म्हटल्यावर त्यात दुसरी ओळ असणार, हे मात्र तिला कळत होतं.

दुसरी ओळ होतीच. हेमा स्टुलावर बसली आणि तिचा आवाजच उतरला.

"खाली लिहिलंय, बाहेरून लावलेल्या स्टिरॉइडनं झालं. साल अंदाजे २०३१. लग्नाआधी तिला अंगभर खाज सुटलेली, आठवतंय? माझ्या कपाटातली ट्यूब मीच दिली होती तिला. रिपोर्ट देणारी मुलगी म्हणाली, असल्या ट्यूबमध्ये असतंय स्टिरॉइड. म्हणजे मीच गं, उजू! परक्यांना शिव्याशाप देत बसले, आणि पोरीचं वाटोळं केलं आईनंच. कालपासून वेदिका माझ्याशी एक शब्द बोललेली नाही."

दोरा दातांतून काढायला किती वेळ लागतो? एक क्षण. उज्ज्वलानं तो काढला नाही. उरलेली भुवई तिनं अगदी निगुतीनं पुरी केली, आणि तोंडात दोरा होता म्हणून बोलता आलं नाही, असं नंतर स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो, त्याला काही धरबंध नाही.

आता ह्या रिपोर्टची भानगड काय, ते सांगायला हवं.

आपल्या कातडीच्या आतल्या थरात इलास्टिन नावाचं एक प्रथिन असतं. पायजम्याच्या कमरेला जे इलॅस्टिक, तेच कातडीला हे इलास्टिन. ताणलं की ताणतं, सोडलं की जागेवर येतं. गोम अशी, की शरीर हे इलास्टिन जवळजवळ सगळं आईच्या पोटात आणि बालपणीच विणून ठेवतं. पुढं जन्मभर तेवढ्यावरच भागवायचं. मग गरोदरपणात, वयात येताना किंवा अंगावर भराभर मांस चढताना ती वीण तुटली, की कातडीवर आधी लालसर, मग पांढऱ्या रेघा उमटतात. त्यालाच आपण स्ट्रेच मार्क म्हणतो. त्यावर मलमं झाली, लेसर झाले, सुया टोचून झाल्या. रेघा फिक्या होत, जात नसत. सैल पडलेल्या इलॅस्टिकला कितीही इस्त्री केली, तरी पायजमा घसरायचा तो घसरणारच.

तीन वर्षांपूर्वी पट्टी निघाली. तळहाताएवढी, आणि तिला केसाहून बारीक अशा हजारो सुया, ज्या कातडीत शिरून विरघळून जातात. त्या पेशींना एक रासायनिक निरोप देतात: बालपणी थांबवलेलं विणकाम पुन्हा सुरू करा. निरोप आठ दिवस टिकतो आणि आपोआप नाहीसा होतो. तेवढ्यात नवी वीण तयार होते, तुटलेले काठ एकमेकांकडे ओढले जातात आणि रेघ मिटते. चार-पाच पट्ट्यांत काम फत्ते.

पण काठ मजबूत हवेत. स्टिरॉइडनं कातडी आतून विरलेली असली, तर हीच ओढ घात करते. विरलेल्या लुगड्याला नव्या दोऱ्यानं घट्ट टाके घातले की ते टाक्यापाशीच फाटतं, तसं. वरून जाडी मोजावी तर दहा वर्षांत ती भरून आलेली दिसते. म्हणून पट्टीआधी कातडीचा तिळाएवढा तुकडा काढून तपासायचा. पेशींतल्या जनुकांवर कारणाची खूण राहिलेली असते, गरोदरपणाची वेगळी, स्टिरॉइडची वेगळी. वर्षसुद्धा कळतं. एकच गोष्ट कळत नाही, औषध किती जहाल होतं ती. सौम्य ट्यूब चोळली काय आणि जहाल लावली काय, खूण तीच पडते. तेवढं माणसालाच विचारावं लागतं.

आणि इथं विचारायचं ते माणूस होतं उज्ज्वला भोईटे.

२०२९ साली पुण्याला पार्लरवाल्यांचं शिबिर होतं. तिथं एका झगमगीत बाईनं तिला बाजूला घेऊन कृती सांगितली. अर्धा किलो कोल्ड क्रीम, गुलाबपाणी, चंदनाचं अत्तर, रंगापुरतं पिवळं, आणि मेडिकलमध्ये कुणालाही मिळणारी अमुक एक ट्यूब, सहा नग. "आठ दिवसांत पोरगी उजळते. ट्यूबचं नाव कुणाला सांगू नका, धंद्याचं गुपित असतं." उज्ज्वलानं बरणीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: नवरी क्रीम. हळद, चंदन, केशर.

हळदीच्या दिवशी नवरी पाटावर बसते आणि गावभरच्या सुवासिनी तिला हळद लावता लावता डोळ्यांनी तिचं माप काढतात. ह्या एका दिवसासाठी उज्ज्वलाचं चाळीस दिवसांचं पॅकेज होतं. दंड, पाठ, पोट, मांड्या, सगळीकडं क्रीम, आणि वरून पोळ्या गुंडाळतात तसलं पारदर्शक प्लॅस्टिक, तीन तास. ही प्लॅस्टिकची युक्ती पुण्याच्या बाईची नव्हे, उज्ज्वलाच्या स्वतःच्या डोक्यातली. झाकलं की क्रीम जास्त मुरतं, हे तिनं ताडलं होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! क्रीम खरंच मुरत होतं. दहापट मुरत होतं.

दोन वर्षांत एकोणतीस नवऱ्या झाल्या. प्रत्येकीचा हळदीतला फोटो पार्लरच्या भिंतीवर लागला. वेदिका त्यातली शेवटची, तेवीस वर्षांची. जिल्ह्यासाठी पोहायची. पाण्यात वाढलेलं तिचं अंग गोटीसारखं गुळगुळीत होतं.

लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांनी पहिली मंगळागौर आली. पहाटे न्हाऊ घालताना सासूनं सुनेच्या पोटावरच्या, मांड्यांवरच्या जांभळट रेघा बघितल्या. दुपारी फुगड्या रंगायच्या, त्याऐवजी घरात कुजबुज रंगली. पंधरा दिवसांत सासरचे सहाजण हेमाच्या सोप्यात बैठकीला येऊन बसले. बाळंत झालेली पोरगी आमच्या गळ्यात मारली, म्हणाले. डॉक्टरचा दाखला पुढं केला, तर विकत घेतला असेल म्हणाले.

उज्ज्वला तिथंच होती. हेमाचा हात धरून बसली होती. त्या बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं ट्यूबच्या खोक्यातली कागदाची घडी आयुष्यात पहिल्यांदा उलगडून, चष्मा लावून वाचली होती. त्यात बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. कातडी पातळ होणं, रेघा पडणं, झाकून ठेवू नये.

सासू तिच्याकडं वळली. "पार्लरवाल्या बाई, तुम्ही चाळीस दिवस हिच्या अंगाला हात लावलाय. तुम्हीच सांगा. लग्नाआधी होत्या का ह्या रेघा?"

नव्हत्या, एवढंच म्हणायचं होतं. पण नव्हत्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग चाळीस दिवसांत आल्या कुठून? उज्ज्वलानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी काही एवढं निरखून बघितलं नाही बाई."

झालं. त्या एका वाक्यावर सोयरीक मोडली. वेदिका माहेरी परत आली, शाळेत गणित शिकवायला लागली, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालून. पाण्यात ती पुन्हा उतरली नाही. उज्ज्वलानं उरलेलं क्रीम मोरीत ओतलं, भिंतीवरचा वेदिकाचा फोटो काढला आणि त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. एक बरणी तेवढी तिनं ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. का ठेवली, ते तिलाही सांगता आलं नसतं. फेकवली नाही, एवढंच.

रिपोर्ट आल्यापासून हेमा निम्मी झाली. भाकरी ताटात तशीच राहायची. चहाला यायची आणि कप हातात धरून बसायची. "आई म्हणवून घ्यायची लाज वाटती गं," म्हणायची. उज्ज्वला तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि "अगं, तुला काय माहीत होतं?" म्हणायची. हे म्हणताना आपली जीभ झडून का पडत नाही, असं तिला वाटायचं. पण जीभ झडली नाही. उलट, चहात साखर कमी आहे का, हेही तिनं विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात हेमानं तिला सोबत म्हणून दवाखान्यात नेलं. रिंगरोडवरचं हे त्वचेचं केंद्र नवंच होतं. डॉक्टर आफरीन मुल्ला वयानं वेदिकाएवढीच, बोलायला मोकळी. वेदिका आधीच येऊन बसली होती. आईनं शेजारची खुर्ची ओढली, तशी ती एक खुर्ची सोडून पलीकडं सरकली.

डॉक्टरनं हेमाची ट्यूब बघितली. "ही सौम्य आहे. किती दिवस लावली?"

"महिना, दीड महिना," हेमा खाली मान घालून म्हणाली.

"आणखी काही? दुसरं मलम? नीट आठवून सांगा."

वेदिका आठवून म्हणाली, "पार्लरचं एक क्रीम होतं. वरून प्लॅस्टिक गुंडाळायचो. पण ते घरगुती होतं." आणि सहज वळून विचारलं, "हो ना, मावशी? हळद-चंदनच होतं ना?"

उज्ज्वलाला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येणार नाही. चांगला मिळाला. पंख्याचा खरखर आवाज ऐकण्याइतका मिळाला.

"हळद-चंदनच," ती म्हणाली.

"मग काही प्रश्न नाही." डॉक्टरनं लिहिलं. "सौम्य औषध, म्हणून पूर्ण ताकदीची पट्टी. पुढच्या गुरुवारी पहिली लावू. मी एवढं खोदून का विचारते, सांगू? गेल्या वर्षी एका बाईनं जहाल ट्यूब लावल्याचं लपवलं होतं. पट्टीच्या पाचव्या दिवशी मांडीची कातडी उसवली. हो, उसवली. चार महिने जखमा भरेनात."

हेमानं देवाला हात जोडल्यासारखे डॉक्टरला हात जोडले. वेदिका पहिल्यांदाच किंचित हसली आणि म्हणाली, "नगरपालिकेचा तलाव एप्रिलमध्ये उघडतो. तोवर होईल का?"

उज्ज्वला दोघींच्या आधी उठून बाहेर पडली.

पुढचे सहा दिवस तिनं बरेच मार्ग शोधून बघितले. पत्र लिहावं, नाव न घालता. वेदिकाला म्हणावं, नको ती पट्टी, मेली नवी फॅडं. क्रीममध्ये काय होतं ते मलाच माहीत नव्हतं, पुण्याच्या बाईनं फसवलं, असं सांगावं. ते अर्धं खरंही होतं. प्रत्येक मार्गाच्या शेवटी वेदिकाची उसवलेली मांडी उभी राहायची. दहा वर्षांपूर्वी तोंड मिटून एक लग्न मोडलं होतं. आता तोंड मिटलं तर पोरगी फाटणार होती, अक्षरशः.

बुधवारी सकाळी ट्रंक उघडून तिनं बरणी काढली, पिशवीत घातली आणि दवाखाना उघडायच्या आधीच दारात जाऊन बसली.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. बरणीचं झाकण उघडून वास घेतला. मग वेदिकाचा कागद पुढं ओढून आधी लिहिलेलं खोडलं.

"पाव ताकदीची पट्टी लागेल," ती म्हणाली. "दिवस तिप्पट. बरं झालं आलात."

"मग तुम्हीच बदला ना, डॉक्टर. मशीननं सांगितलं म्हणा. माझं नाव कशाला यायला पाहिजे?"

"काकू, तिच्या शरीरात काय गेलं, ते तिला सांगणं मला भाग आहे. मी खोटं लिहिणार नाही." तिनं बरणी परत उज्ज्वलापुढं सरकवली. "उद्या अकराला त्या येतील. मी सांगू, की तुम्ही सांगता?"

सांगू दे हिलाच, असं उज्ज्वलाच्या अगदी ओठावर आलं होतं. आपण घरी दार लावून बसावं, जे व्हायचं ते आपल्यामागं होऊ दे. पण मग हेमाला ते परक्या तोंडून कळलं असतं, चाळीस वर्षांच्या मैत्रीनंतर.

"मी येते," ती म्हणाली.

गुरुवारी त्याच तीन खुर्च्या. वेदिका एका टोकाला, हेमा दुसऱ्या टोकाला, मधली रिकामी. उज्ज्वला उभीच राहिली. रात्रभर घोकलेली वाक्यं दारातच विसरली होती. तिनं बरणी टेबलावर ठेवली.

"ह्यात हळद नव्हती," ती म्हणाली. "चंदनही नव्हतं, नुसतं अत्तर होतं. स्टिरॉइडच्या ट्यूबा होत्या, सगळ्यांत जहाल. अर्ध्या किलोला सहा. वर प्लॅस्टिक, त्यानं ते आणखी आत गेलं. हेमा, तुझ्या ट्यूबनं काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्या हातानं झालं."

हेमा तिच्याकडं बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला. समजू नये अशी धडपडही असावी.

"तुला तरी कुठं ठाऊक असणार?" ती हळूच म्हणाली. केवढी आशा होती त्या आवाजात! "तुला कधी कळलं गं?"

सोपं उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. तीन आठवड्यांपूर्वी, रिपोर्ट आला तेव्हा. कुणी तपासायला जाणार नव्हतं. हेमाचं तोंड बघून ते द्यावंसंही वाटलं.

"बैठकीच्या आदल्या दिवशी," उज्ज्वला म्हणाली.

मग वेदिका बोलली. शाळेत फळ्यापुढं उभी राहून बोलत असेल, तशी शांतपणे.

"मावशी, तेव्हा माझ्या सासूनं तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. आज मी विचारते. पहिल्या दिवशी तुमच्या त्या आतल्या खोलीत मी कपडे उतरवून तुमच्यासमोर उभी होते. तेव्हा होत्या का माझ्या अंगावर रेघा?"

"नव्हत्या. एकही नव्हती."

वेदिकानं डोळे मिटले. "लोक इतकं म्हणायला लागले ना, की मलाच वाटायचं, असतील आधीपासून. मीच कधी बघितल्या नसतील. स्वतःच्या अंगावरचा विश्वास उडाला होता माझा."

"बाळा, चुकले मी. तुझ्या सासूच्या दारात जाऊन सांगते, म्हणशील तर तिचे पाय धरते..."

"तिचं काही नको मला. मला तुमची साक्ष हवी होती. दहा वर्षांपूर्वी." तिनं बरणी उचलून लेबल वाचलं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. "किती जणी होत्या आम्ही?"

"तुला धरून एकोणतीस."

"पट्टी आता तालुक्यापर्यंत आलीय. उद्या त्यातली एखादी इथं येऊन बसेल आणि डॉक्टरला हळद-चंदन म्हणून सांगेल. तिला कोण सांगणार?"

मी सांगेन, अशी उज्ज्वलानं नुसती मान हलवली.

मधल्या रिकाम्या खुर्चीवर हेमा कधी येऊन बसली, कुणाला कळलं नाही. वेदिकानं आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. "तीन आठवडे तुझ्याशी बोलले नाही गं," ती म्हणाली, आणि मग तिला रडूच आवरेना. हेमा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. उज्ज्वला दाराकडं वळली, तेव्हा मागून आवाज आला.

"चहाला येऊ नकोस उद्यापासून."

एवढंच. हेमानं मानसुद्धा वर केली नव्हती.

त्याच संध्याकाळी उज्ज्वलानं भिंतीवरच्या सगळ्या नवऱ्या उतरवल्या. त्या हसऱ्या, हळदीनं माखलेल्या चेहऱ्यांची तिला खरोखर शरम वाटली. एकेकीचं नाव आठवलं, सासरचं गाव आठवलं. फोटोंचा गठ्ठा पिशवीत घालून ती दुसऱ्या दिवशी निघाली.

पहिलं दार कोळकीतलं. तिथं तिला आग्रहानं सरबत दिलं, तिनं ते प्यायलं आणि मग सांगितलं. ती पोरगी ग्लासाकडं बघत म्हणाली, "आधी सांगितलं असतंत, तर हे दिलं नसतं मी." तेव्हापासून उज्ज्वलानं ठरवलं, सांगून होईपर्यंत कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. कुणी अंगावर ओरडलं, कुणी दार लावून घेतलं. एकीच्या नवऱ्यानं गावात पार्लरवर बोर्ड लागू देणार नाही म्हणून दम भरला. तिनं बोर्ड आधीच उतरवला होता. एक जण तर हसायलाच लागली, आणि हसता हसता म्हणाली, "आणि मी मेली हळदीलाच दोष देत होते."

मार्च सरला. डॉक्टरच्या दवाखान्यात त्यातल्या नऊजणी पोचल्या होत्या, सगळ्यांना पाव ताकदीची पट्टी. वेदिकाच्या रेघा मिटायला आणखी काही महिने लागणार होते, पण तलाव उघडला त्या दिवशी ती थांबली नाही, आहे त्या अंगानं पाण्यात उतरली. हे डॉक्टरनं सांगितलं. हेमानं सांगितलं असतं, तर उज्ज्वलानं तिथंच बसून पोटभर रडून घेतलं असतं.

एकविसावं दार निंभोऱ्याला होतं. प्रणालीनं दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई, उज्ज्वलामावशी! या ना, या! सासूबाई, बघा कोण आलंय, माझ्या लग्नात मला सजवलं होतं ना, त्या मावशी. सगळी म्हणत होती, नवरी काय उजळलीय!"

भर एप्रिलचं ऊन होतं. प्रणालीच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. तिनं सतरंजी अंथरली, माठातलं पाणी आणून पुढं ठेवलं आणि शेजारी बसली. सासूही उत्सुकतेनं दारात येऊन उभी राहिली. उज्ज्वलानं पाण्याला हात लावला नाही. तिनं पिशवीतून फोटो काढून सतरंजीवर ठेवला.

"पाणी घ्या की, मावशी. उन्हातनं आलाय."

"आधी ऐक, प्रणाली," उज्ज्वला म्हणाली, आणि सासूलाही नीट ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "तू पहिल्यांदा माझ्याकडं आलीस, तेव्हा तुझ्या अंगावर एकही रेघ नव्हती. मी निरखून बघितलं होतं."